मेव्हण्याची पत्तेफेक

रविवार, २ नोव्हेंबर

आज पानशेतला भर पंगतीत माझ्या ताटाशेजारच्या काकडीचा वध झाला! मारेकरी — आमचे मेव्हणे रोहिदास. तिथलाच हॉटेलवाला माणूस, पुण्याच्या गिऱ्हाइकांना रिझवायला दोन बोटांत पत्ता धरून फेकायला शिकलाय. सहा फुटांवरून किलवर गुलाम थेट काकडीत रुतला. पंगत खुळ्यासारखी टाळ्या पिटत होती. आमची लेक सोनियासुद्धा — ठसका लागेपर्यंत हसली. हीच मुलगी महिन्यातून एकदा पुण्याहून भोरला घरी येते आणि माझ्या विनोदाला मोबाईलमधून मान वर करत नाही.

काकडी खाल्ली नाही. निषेध.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

चौसष्ट कलांची यादी पुन्हा तपासली. पत्रक्षेपण त्यात नाही. म्हणजे अडाणी उद्योग. म्हणजे मला अर्ध्या तासात यावा. सोनिया पंधराला येतेय. बघू कोणापुढे हसते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आला नाही.

एसटी स्टँडमागच्या रमीवाल्यांनी टाकून दिलेला पत्त्यांचा कॅट आणला होता. घामाने पोळीसारखा मऊ. पत्ता उडत नाही, लोळतो. बदाम राणी मंगलच्या परातीत! "अहो, पुढचा पत्ता पिठात आला तर मळून टाकीन. खावा मग भाकरीतनं!" ही आमची अर्धांगिनी.

शनिवार, ८ नोव्हेंबर

रोहिदासला फोन करावा लागला. मानभंग. "दाजी, नवा प्लास्टिकचा कॅट घ्या. आन् मनगट सैल सोडा. तुमी फेकत न्हाई, शाप देताय!"

तीस वर्षे तालुक्याच्या बातम्या लिहिणाऱ्या माणसाला हा उपदेश! नवा कॅट आणला. मनगट सैल सोडले.

काकडीला लागला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दहापैकी सात! सोनियाने व्हिडिओ काढला. हसली. "बाबा, परत एकदा!" मी भाष्यासह परत करून दाखवले — मामाची उभे राहण्याची ढब, मामाचे शिक्षण, मामाच्या हॉटेलातली आमटी. बराच वेळ बोललो. ती हसायची कधी थांबली, लक्षात आले नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

सोनियाने ऑगस्टमध्येच नोकरी सोडलीय. ती पुण्याला गेल्यावर मंगलने सांगितले. मामाला पहिल्या दिवसापासून ठाऊक. मला का नाही? "ती म्हणाली, बाबा चेष्टा करत्याल."

केली असती. काय बोललो असतो, तेही ऐकताक्षणी सुचले.

भीती वाटते. उद्या ती खरोखर अडचणीत सापडली, तरी फोन मला करणार नाही.