सांगाव्याआधीचं पाणी

आबा,

मी काय काम करते, हे तुम्ही एकदाच विचारलं होतं. वाळूजला नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते आणि तुम्ही खुलताबादहून मक्याची कणसं घेऊन माझी खोली बघायला आला होतात. खोलीत एकच खुर्ची होती. तिच्यावर न बसता तुम्ही भिंतीला टेकून खाली बसलात आणि म्हणालात, "म्हंजी तू करती काय तिथं?" मी सांगितलं, कंपनीत काही नवीन होणार असलं की ते कामगारांना कळवायचं, सूचना लिहायच्या, साहेबांची भाषणं लिहायची. तुम्ही जरा विचार केलात आणि हसलात. "म्हंजी सांगावाच की गं. आपल्याच घरचं काम." मला राग आला होता. मेंढरांमागं चालणाऱ्या बापाचंच काम आपण करतो, हे ऐकायला मी एवढी शिकून शहरात आले नव्हते.

वस्तीवर कुणी गेलं की परगावच्या नातेवाइकांना सांगावा द्यायला तुम्हालाच पुढं करत. तेव्हा फोन कुठं होते. एकदा आई माहेरी होती म्हणून तुम्ही मलाही बरोबर नेलंत. उन्हाळा, पायाखाली तापलेली वाट, माझ्या घशाला कोरड. त्या घरी पोचलो तर तुम्ही उंबऱ्याबाहेरच थांबलात, वहाणा पायातच. आतून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "मामा, उन्हाचं आलात, घ्या." मी हात पुढं केला. "हात मागं घे," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत, पण तसं तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. त्या बाईनं माझ्या मागं गेलेल्या हाताकडं पाहिलं, तुमच्या पायातल्या वहाणांकडं पाहिलं, आणि तुम्ही बोलायच्या आधीच तिला समजलं. मग तुम्ही बोललात. "बाई, तुमचा भाऊ गेला. सकाळीच. उन्हं कलल्यावर माती हाय." एवढंच. ती खाली बसली. तुम्ही निघाला नाहीत. शेजारच्या बाया येईपर्यंत, कुणीतरी तिची चप्पल शोधून तिच्या पायाशी ठेवेपर्यंत, तुम्ही तसेच उन्हात उभे राहिलात आणि तुमचा सदरा धरून मीही.

परतताना एका विहिरीवर तुम्ही मला पोटभर पाणी पाजलंत. मी विचारलं, तिथं का नाही प्यायचं? तुम्ही म्हणालात, "आधी त्याच्या घरचं पाणी पेलं की जीभ जड होती. मग माणूस गोल गोल बोलाया लागतं." थोडं चालून गेल्यावर, मी विचारलेलं नसताना, म्हणालात, "आन सांगून लगेच पळायचं नाय. रडणाऱ्याला बघाया कुणीतरी लागतं समोर."

या कामाची किंमतही तुम्हीच मोजलीत. तुम्ही सहज कुणाकडं गेलात तरी लोकांचे चेहरे उतरायचे. म्हणून तुम्ही लांबूनच ओरडत जायचात, "वैनी, आधी पाणी आणा, लई तहान लागली!" म्हणजे सगळं ठीक आहे हे घराला कळावं. आई चिडवायची, "तुमच्यासंगं पाहुण्याकडं जायचं म्हंजी हाळी देत जायचं, जसं काय भंगारवालाच आलाय." तुम्ही हसायचात. पण एका लग्नात तुम्ही मांडवाच्या कडेला एकटेच बसला होतात आणि नवरीची आजी तुम्हाला टाळून पुढं गेली, ते मी पाहिलं आहे. आणि तुम्ही गेलात तेव्हा धाकट्यानं मला फोनवर काय सांगितलं ठाऊक आहे? "ताई, आबांचं जरा जास्त झालंय, तू ये." तुम्ही तेव्हा गेलेला होतात. घाट चढेपर्यंत मी बसमध्ये ठरवत होते, शहरात तुम्हाला कोणत्या डॉक्टरकडं न्यायचं, माझ्या खोलीत खाट कुठं टाकायची. तो खोटा तास धाकट्यानं मला दिला, त्याबद्दल मी त्याच्यावर कधीच रागावले नाही. म्हणून तुमचंच खरं होतं असं मी पटकन म्हणू शकत नाही.

तुमच्यानंतर धाकटाही वाळूजला आला, आमच्याच कंपनीत लागला. उरलेली मेंढरं त्यानं गावी चुलत्यांकडं ठेवली.

यंदा आम्हाला, म्हणजे माझ्यासारखी कामं करणाऱ्यांना, क्रांती चौकाजवळच्या एका हॉटेलात प्रशिक्षण होतं. बदलाच्या काळात कर्मचाऱ्यांशी संवाद कसा साधायचा, असा विषय. शिकवणारी मुलगी पुण्याहून आली होती, हुशार होती, मनापासून शिकवत होती. ती म्हणाली, वाईट बातमी उपाशीपोटी द्यायची नाही. आधी चहा, खाणं, दोन चांगल्या गोष्टी, मग मुद्दा, शेवटी पुन्हा एक चांगली गोष्ट. "बंद" हा शब्द टाळायचा. सांगून झालं की वरिष्ठांनी तिथं रेंगाळायचं नाही, प्रश्न लेखी मागवायचे. मी सगळं उतरवून घेतलं. आता संगणकाला चार ओळी दिल्या की तो अख्खी सूचना लिहून देतो, आपुलकीची हवी की उत्साहाची एवढंच विचारतो. तेही तिनं करून दाखवलं. माझ्या शेजारी दुसऱ्या कंपनीतले एक गृहस्थ बसले होते, ते कानाशी लागून म्हणाले, "मॅडम, आपल्याला काढतील तेव्हा अशीच आपुलकी निवडतील बरं का. आणि समोसे आपल्यालाच मागवायला लावतील." आम्ही दोघं तोंड दाबून हसलो. माझ्या विभागात आम्ही तिघी होतो. आता मी एकटी आहे.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. उत्पादनाची एक लाईन दुसऱ्या राज्यात जाणार होती. इथं ती बंद. कामगारांना पुढच्या सोमवारी सांगायचं, मजकूर मी तयार करायचा, तोवर कुठं बोलायचं नाही. तशी मी सही करून दिली. धाकटा त्याच लाईनवर होता.

शनिवारी त्याचा फोन आला. "ताई, मेंढरं इकून टाकतो. उद्या संध्याकाळी माणूस यायचाय. चुलत्यांच्यानं आता होत नाय, आन आपल्याला काय कमी हाय? कंपनी हाय की." मी म्हणाले, बघ बाबा. फोन ठेवला आणि ओट्यापाशी नुसती उभी राहिले. मेंढरं गेली असती तर त्याच्याकडं परत जायला काही उरलं नसतं. आणि मी बोलले असते तर माझीही नोकरी गेली असती.

रविवारी सकाळी मी त्याच्या घरी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तो दारातच होता, गाडी पुसत. "या या, मोठ्या मॅडम! आज गरिबाच्या घरी कशा?" त्याची बायको आतून पाण्याचा ग्लास घेऊन आली. "घ्या ताई, चहा टाकलाय." मी उंबऱ्याच्या अलीकडं. मला तहान होती. हात हललाच नाही. "नको," मी म्हणाले.

"अगं आत तर ये," तो म्हणाला. "चप्पल तरी काढ." आणि त्याचं हसणं तिथंच थांबलं. तो माझ्या पायांकडं बघत होता. मग बायकोच्या हातातल्या ग्लासाकडं. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"मग?"

त्यानं पुसायचं फडकं हळूच सीटवर ठेवलं. "लाईन?" मी मानसुद्धा हलवली नाही, आबा. तरी तो "व्हय का" म्हणाला, मला नाही, स्वतःलाच. मग बायकोला म्हणाला, "चुलत्यांना फोन लाव. आज त्या माणसाला येऊ देऊ नको म्हणावं." मी तिथंच उभी राहिले. चहा उतू गेल्याचा वास आला, कुणी उठलं नाही.

सोमवारी जेवणघरात सगळ्यांना जमवलं. चहा आणि समोसे. साहेबांनी माझा मजकूर वाचला, त्यात प्रवास होता, नवं पर्व होतं, कृतज्ञता होती. टाळ्याही पडल्या, कारण निम्म्या लोकांना समजलंच नव्हतं. साहेब गेले. मग मागून एक जण म्हणाला, "मॅडम, ते पर्व-बिर्व ऱ्हाऊ द्या. म्हंजी बंदच ना?" त्यानं नुकतंच गावचं बिऱ्हाड मोडून बायको-लेकरं इथं आणली होती, फाटकावर सगळ्यांना पेढे वाटले होते. मी म्हणाले, "हो. बंद." तो धाकट्याकडं वळला. "तुझी बहीण ना ही? तुला ठाऊक होतं?"

धाकटा म्हणाला, "नाय."

शिफ्टची बस येईपर्यंत मी तिथं थांबले. तुमच्यासारखी उभी राहिले असं मनाला सांगत होते, पण माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. मेंढरं वाचली, त्या माणसाचं बिऱ्हाड नाही. मी एकाच दारात पाणी न घेता उभी राहिले. बाकीच्यांना समोसे दिले. ते सगळे धाकट्याचे सोबती होते. शेवटच्या आठवड्यात बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची, असं त्याची बायको सांगते. तो सांगत नाही. आता तो गावी आहे, मेंढरांमागं. लेकरं इथं शाळेत आहेत आणि मी अजून नोकरीत आहे. पुढच्या महिन्यात नव्या लोकांना हेच सगळं मी शिकवायचं आहे, त्याच हॉटेलात.

हे लिहून मी कुठं पाठवणार? खुलताबादला तुम्हाला माती दिली त्या टेकडीवर टपाल जात नाही. घडी करून पर्समध्ये ठेवेन, नंतर फाडेन. पण फाडायच्या आधी एक सांगते, कारण धाकट्यानं ते पाहिलं आहे आणि अजून तोंडातून काढलेलं नाही.

त्या सोमवारी, साहेब बोलायच्या आधी, कुणीतरी माझ्या हातात कप दिला. मी तो सगळा चहा प्याले. अर्धा समोसाही खाल्ला. भूक लागली होती, आबा.