माझी वजावट शून्य

कर्नी, नेब्रास्का
९ मार्च

प्रिय डेल्बर्टदादा,

सा. न. वि. वि. मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत म्हणून लिहिते. खरं तर माझा नुसता तिळपापड झालाय.

शुक्रवारी शाळेच्या स्वयंपाकघरातून आले आणि कर भरायचं ते सॉफ्टवेअर उघडून बसले. एल्डनचं घर सोडून वर्ष झालं, पण घटस्फोट नाही. म्हणून 'विवाहित, वेगळं विवरण' निवडलं. मग विचारलं, सरसकट वजावट घेता की एकेक खर्च मांडता? माझ्याकडे ना घराचं कर्ज, ना मोठी आजारपणं. मी काय मांडणार, कपाळ? सरसकट घेतली. परताव्याचा छान हिरवा आकडा दिसला. त्यातून त्या छोट्या भाड्याच्या घराची अनामत भरायची आणि मैत्रिणीच्या तळघरातून एकदाचं बाहेर पडायचं, असं मी ठरवलं होतं. घरमालकीण माझ्यासाठी थांबली आहे.

तेवढ्यात पुढचा प्रश्न: नवऱ्याने खर्च मांडलेत का? एल्डनला फोन केला. साहेबांनी फेब्रुवारीतच विवरण भरून टाकलंय. कर्जाचं व्याज, घराचा कर, चर्चला दिलेलं दान, सगळं मांडून! मी 'हो' म्हटलं आणि माझी वजावट झाली शून्य. नवरा-बायको वेगवेगळं भरत असले आणि एकाने खर्च मांडले, तर दुसऱ्याला सरसकट मिळत नाही म्हणे. परतावा राहिला बाजूला, उलट मलाच पैसे भरायचे आहेत.

आणि दान कसलं, ठाऊक आहे? माझ्या गोधड्या! मी शिवलेल्या, तिथे कपाटात राहिलेल्या. चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊन आला आणि पावती स्वतःच्या नावावर. काय म्हणावं या माणसाला! वर मला फोनवर सांगतो, कपाट कसं मोकळं झालं.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव.

तुझी
मार्लिस

होल्ड्रिज
१६ मार्च

चि. सौ. मार्लिस हिला अनेक आशीर्वाद.

गाई व्यायला लागल्यात, गोठ्यात चिखलच चिखल, म्हणून उत्तराला उशीर. तुझं पत्र इतकं तापलेलं, की चिमट्याने धरून वाचावं लागलं, असं तुझी इर्मावहिनी म्हणते.

रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी घेताना एल्डनशी बोललो. आपलं विवरण बदलून सरसकट घ्यायला तो तयार नाही. त्यात त्याचं नुकसान आहे. पण तू सही केलीस तर दोघांचं मिळून एकच विवरण नव्याने भरू म्हणतो. त्यात तुझाही कर वाचेल. राग गिळ आणि सही कर. गेल्या वर्षीच तुला म्हटलं होतं, कोर्टकचेरी नको, कागदावर नातं राहू दे. त्याने कुणाचं काय बिघडतं?

तब्येतीला जप, आणि आमच्यावर रागावू नकोस.

तुझा
डेल्बर्टदादा

कर्नी
२१ मार्च

प्रिय दादा,

सा. न. कुणाचं काय बिघडतं म्हणतोस? माझं बिघडलं! मी वेगळी राहते, वेगळी कमावते, सकाळी सहाला उठून शाळेतल्या पोरांसाठी पातेलंभर मॅकरोनी शिजवते. आणि माझी वजावट कोणती, हे एल्डनने ठरवायचं? एकत्र विवरणावर सही म्हणजे त्याच्या प्रत्येक आकड्याला मी 'खरं आहे' म्हणायचं. माझ्या गोधड्या त्याने दान केल्या, यालाही! हात झडला तरी नाही करणार.

घरमालकिणीला काल कळवलं, माझी वाट पाहू नका. दुपारपर्यंत तिने घर दुसऱ्याला दिलं. मी तळघरात बसून भरपूर रडले. मग तोंड धुतलं आणि वकीलबाईंकडे गेले. एकतीस डिसेंबरला तुम्ही जे असाल तेच अख्ख्या वर्षाला धरतात, असं त्या म्हणाल्या. त्याच्या आत मोकळी झाले, तर पुढच्या वर्षी नवऱ्याने काय केलं हे मला कुणी विचारणार नाही. घटस्फोटाच्या अर्जावर सही करून आले.

वर्षभर थांबले ती तुझ्यासाठी. मार्लिस नोकरीपायी कर्नीला असते, असं तू चर्चमध्ये सांगतोस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. आता काय सांगायचं ते तू बघ.

लोभ असू दे. सल्ला नसला तरी चालेल.

मार्लिस

होल्ड्रिज
२९ मार्च

चि. मार्लिस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आधी मी तुझ्यावरच भडकलो. इर्माने जेवणाचं ताट माझ्यापुढे आदळलं आणि विचारलं, तिच्या स्वतःच्या हातच्या वस्तू कुणी अशा वाटून टाकल्या असत्या, तर मी त्याच्याबरोबर कॉफी प्यायलो असतो का. मला जेवण गेलं नाही.

आज चर्चमध्ये एल्डन त्या एकत्र विवरणाचे कागद घेऊनच आला. चारचौघांत माझ्या हातात कोंबून म्हणाला, बहिणीला जरा समजाव, तुझं ऐकते ती. ऐकते म्हणे! माझं डोकंच फिरलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की माझी बहीण नोकरीसाठी गेलेली नाही, तुला सोडून गेली आहे, आणि ते तिने फार आधी करायला हवं होतं. कागद त्याच्या कोटाच्या खिशात परत घातले. आम्ही कॉफी न घेताच घरी आलो.

कोर्टाची तारीख कळव. त्या दिवशी गाई शेजारी बघेल. मी आणि इर्मा येतोय, तुझ्या बाजूला बसायला.

तुझा
दादा