खाणीतून आलेली ओ

१८ नोव्हेंबर १९७४

पोचलो एकदाचा! सांगलीहून साताऱ्यापर्यंत यष्टीत उभा, साताऱ्याहून कोरेगावच्या पुढे खाणीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी, आणि शेवटी फाट्यावरून पायी, वळकटी डोक्यावर. तरी स्वारी खूश आहे. या दगडखाणीवर सुरक्षा पाहायला नेमलेला माणूस पहिल्यांदाच आलाय, आणि तो मी आहे. गेल्या वर्षी इथे अपघात झाला, तपासनिसांनी तंबी दिली, म्हणून माझी वर्णी लागली. एरवी मालक आप्पासो असल्या माणसाला पगार देतील असं त्यांच्या तोंडाकडे पाहून वाटत नाही. पण चहा चांगला पाजला. म्हणाले, सावकाश घ्या साहेब, दगड कुटं पळून जात न्हाई.

राहायला खाणीच्या काठावर पत्र्याची खोली. एक खाट, एक स्टोव्ह, एक खिडकी. खिडकीतून खाण दिसते. काळ्या दगडात खोल उतरलेला खड्डा, तळाला हिरवट पाणी, आणि पुढे काटकोनात वळण. वळणापलीकडचं वरून काही दिसत नाही. उमा असती तर म्हणाली असती, प्यायला पाणी नाही पण बघायला आहे. ती सांगलीत, विश्रामबागेला माहेरी. दिवस भरत आलेत. आज पहिल्याच दिवशी तिच्यावाचून करमेनासं झालंय, पुढे माझं काय होणार आहे कोण जाणे.

२२ नोव्हेंबर

कामाचा सपाटा लावलाय. इथे क्रशर सुरू झाला की माणसं पांढरी, बैल पांढरे, शेजारच्या रानातला शाळूही पांढरा. खड्ड्यातलं पाणी पंपाने वर घेऊन खडीवर मारायला लावलं, तर धूळ निम्म्याने खाली बसली. शेजारचा शेतकरी नाथाजी रोज शिव्या द्यायला येई, तो आज मेथीची जुडी देऊन गेला. गढूळ पाणी सरळ ओढ्यात सोडत होते, तेही बंद केलं. आधी हौदात निवळायचं, मग सोडायचं.

खडी फोडणाऱ्या बायांना नाकाला बांधायला फडकी वाटली. शालूबाई म्हणून एक आहे, हिरव्या लुगड्यातली, जिभेने तिखट. म्हणाली, तोंड बांदल्यावर आमी बोलायचं कसं वो? सगळ्या हसल्या. नंतर कळलं, गेल्या वर्षी मेला तो आकाराम हिचा नवरा. सुरुंगाची वात पेटवायला खाली गेला होता. वर आलाच नाही, दगडाखालून काढताही आला नाही.

म्हणूनच माझा मोठा बेत असा, की वात बंद. बॅटरीची पेटी मागवलीय. खालपासून वरपर्यंत वायर ओढायची आणि वरून खटका दाबायचा. सुरुंग उडवण्यासाठी यापुढे कोणी खाली जायचं नाही. आप्पासो खर्च ऐकून कण्हले, पण कबूल झाले.

२६ नोव्हेंबर

आज खटक्यावर पहिला सुरुंग. दुपारी सगळे भाकरीला वर येतात तेव्हा उडवायची इथली रीत आहे. जुना सुरुंगवाला गुंडा काठावर उभा राहतो, तोंडाभोवती हात धरून हाळी देतो, ‘सुरुंग हाय होऽ! हाय का रं कुनी खाली?’ मग थांबतो. खालून ओ आली नाही तरच उडवायचं. मला ही रीत फार आवडली.

गुंडाने हाळी दिली. आणि खालून, वळणामागून, माणसाच्या आवाजात स्पष्ट ओ आली. ‘हाय.’

गुंडा शांतपणे म्हणाला, ‘आकारामा, बस गड्या.’ आणि मला म्हणाला, दाबा.

मी दाबला नाही. ओरडलो त्याच्यावर. बाकीचे भाकरी खातच होते. शालूबाई काठाशी गुडघ्यात हनुवटी ठेवून बसली होती, जणू कोणी तिच्याशी बोलत होतं. मी दोघांना घेऊन खाली गेलो, वळणामागचा कोपरान्‌कोपरा पाहिला. कोणी नाही. गुंडा म्हणाला, साल झालं साहेब. त्यो ओ देतो, आमी बस म्हनतो. कुनाला तरास न्हाई.

मी सगळ्यांना जमवून सांगितलं, ओ आली की सुरुंग नाही. मेलेल्याची असो की जिवंताची. खाली उतरून शोधायचं, ओ बंद झाली की मगच खटका. उद्या खरंच कोणी खाली राहिला आणि त्याने ओ दिली, तर तुम्ही त्यालाही बस म्हणाल का?

सगळे पुन्हा भाकरीकडे वळले. माझं बरोबर आहे. मला ठाऊक आहे माझं बरोबर आहे.

३ डिसेंबर

ओ रोज येते. रोज खाली उतरतो, रोज कोणी नसतं. वर येऊन हाळी दिली की पुन्हा ओ. कधी तिसऱ्या खेपेला बंद होते, कधी होतच नाही. मग दिवस वाया. दगड निघत नाही तर फोडायला काही नाही, फोडायला नाही तर मजुरी नाही. माणसं माझ्याशी बोलायची थांबलीत. चहाला गेलो की घोळका पांगतो.

मलाही ती ओ ऐकू येते हे इथे लिहून ठेवतो. वाऱ्याचा आवाज, प्रतिध्वनी, सगळं धुंडाळून झालं. ती ओ आहे.

९ डिसेंबर

बाजाराचा दिवस, खाण बंद. सगळे कोरेगावला गेले. माझ्यावाचून इथे कोणी नाही. उमाचं पत्र नाही. दिवसभर कोणाशी एक शब्द बोललो नाही, तेव्हा दुपारी काठावर जाऊन उभा राहिलो आणि, मूर्खासारखं, हाळी दिली. कोणी आहे का?

ओ आली.

मला भीती वाटायला हवी होती. बरं वाटलं. खरंच सांगतो, बरं वाटलं. मी काठावर बसून उमाबद्दल सांगत राहिलो. पाळण्याला कोणता रंग द्यायचा तेही सांगितलं. मी थांबलो की खालून ओ यायची, कोणी कान देऊन ऐकत असावं तशी. संध्याकाळ होईतो बसलो होतो.

१२ डिसेंबर

रोज बसतो. कोणाला सांगितलेलं नाही.

१४ डिसेंबर

आज गुंडाने हाळी दिली. मी त्याच्या शेजारी, हातात चहाचा कप. खालून ओ आली. गुंडाचा चेहरा उतरला. म्हणाला, साहेब, ही आकारामाची ओ न्हवं. ह्यो तुमचा आवाज हाय.

मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा हाळी दिली. या वेळी मीही ऐकलं.

माझाच होता. सर्दी झाल्यावर येतो तसा थोडा बसलेला, पण माझाच.

१५ डिसेंबर

शालूबाई खोलीच्या दारात आली. आत येईना. म्हणाली, ‘आवं साहेब, आमच्या मालकाचा आवाज कुटं घालवला तुमी? दुपारचं येवढं ऐकायला मी हितं दगड फोडत हुते.’

ती रडली नाही. नुसती उभी राहिली आणि गेली. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मी काठावर बसून बडबडलो नसतो तर—

आता बसत नाही. खिडकीला पोतं लावलंय.

१७ डिसेंबर

आप्पासोंनी बोलावलं. पंधरवड्यात ट्रक भरले नाहीत. म्हणाले, तुमची पेटी काढून टाकतो, पुन्ना वात लावतो, तुमी सांगलीला जावा. वात म्हणजे माणूस खाली. म्हणजे आणखी एक आकाराम.

वात लागू द्यायची नाही, म्हणून मी माझाच नियम मोडला. सगळ्यांसमोर सांगितलं, शोधायला उतरणं बंद. आणि हसत हसत म्हणालो, माझा आवाज आला तर खुशाल खटका दाबा. मी तर इथे तुमच्यात उभा आहे, दोन जागी कसा असेन? माणसं महिन्याभरात पहिल्यांदा मोकळी हसली. क्रशरवरच्या केरबाने मला तंबाखू देऊ केली.

दुपारी हाळी. ओ. खटका. दगड निघाला. सगळे खूश.

मी जेवलो नाही.

१९ डिसेंबर

ओ आता लांबत चाललीय. नुसती ओ नाही. काल म्हणाली, मी आहे. आज म्हणाली, गुंडा, मी आहे. गुंडा माझ्याकडे बघतो, मी मान हलवतो, तो दाबतो. त्यांना सवय झाली. दोन दिवसांत. केरबा भाकरी मोडत म्हणतो, आलं साहेब.

मला सवय होत नाही.

२० डिसेंबर

तार! मुलगी झाली! दोघी खुशाल! सासऱ्यांनी लिहिलंय, लगेच या. तार छातीशी धरून क्रशरपाशी नाचलो, धुळीने पांढरा झालो तरी नाचलो. बायांनी साखर मागितली, होता तेवढा गूळ वाटला. शालूबाईनेही घेतला.

उद्या सकाळच्या यष्टीने निघतो. परत येणार नाही. उमाला तोंड दाखवलं की तिथूनच राजीनामा धाडीन. खाणीकडे पाठ करून लिहितोय.

२१ डिसेंबर, सकाळ

फाटा. यष्टीची वाट पाहतोय. गुंडाने वळकटी इथवर आणून दिली, डोळे पुसले, दुपारचा सुरुंग भरायचाय म्हणून परत गेला. सकाळची यष्टी अजून आलेली नाही. ऊन छान पडलंय. मुलीचं नाव शरयू ठेवावं असं मनात येतंय. उमाला आवडेल.

इथून खाणीची मागची बाजू दिसते. मागच्या पायवाटेने कोणीतरी उतरतंय. हिरवं लुगडं. शालूबाई. वळणामागे चाललीय. नवऱ्याला शोधायला. हाका मारल्या, मागे बघत नाही.

दुपार व्हायला आली. पुढून फेरा घालून गुंडाला सांगायला गेलो तर वेळेत पोचणार नाही. हिला वर आणतो. यष्टी चुकली तर चुकू दे.

खाली

वही कोटात होती म्हणून—

ती इथे नाही. वळणामागे कोणी नाही. सुरुंगाची भोकं भरलेली, वायर वर गेलेली. परत फिरलो आणि पायाखालची दरड सरकली. उजवा पाय गुडघ्यापर्यंत दगडाखाली. ओढून पाहिला. निघत नाही.

वरून बायांचे आवाज येताहेत. भाकरीला बसल्यात. शालूबाई कोणाला तरी चटणी वाढतेय. तिचाच आवाज. ती वर आहे. मग उतरलं ते कोण—

ओरडतोय. घसा बसलाय धुळीने.

वर एकदम शांत झालं. ऐकलं त्यांनी. देवा, ऐकलं.

केरबा म्हणाला, आलं साहेब.

हसले.

गुंडाची हाळी. हाय का रं कुनी खाली? मी आहे, गुंडा, मी आहे, खरा मी, यष्टी सोडून आलो, पाय अडकलाय—

तो कोणाला तरी समजावतोय. अरं साहेब सांगलीला गेलं, मी सोता फाट्यावर सोडून आलोया. लेक झालीया त्येंना.

पुन्हा ओरडलो. माझ्याबरोबर शेजारूनही कोणी ओरडलं. तेच शब्द. गुंडा म्हणालो की गुंडा. उमा म्हणालो की उमा. अगदी कानाशी. मान वळवून बघणार नाही.

शरयू म्हणालो. हे नाव मी कोणाला सांगितलेलं नाही. शेजारून माझ्या आधी—

दुसरी हाळी झाली.

गप्प राहू का? आवाज नाही आला तर त्यांना वेगळं वाटेल, कोणी खाली बघायला येईल— नाही. ओ नाही आली तर उडवायचं, ही तर रीतच. ओ आली तरी उडवायचं, हे मी सांगितलं. दिली तरी, नाही दिली तरी—