वरच्या षड्जावरचं बोट

सांगली, गुरुवार, ७ डिसेंबर १९४४

सूर माझाच बरोबर होता. हे आधी लिहून ठेवतो.

आज गाताना बुवा वरच्या षड्जाला पोचले नाहीत, केसभर खाली राहिले. वय झालंय. मी पेटीवर साथीला होतो. माझं बोट आपसूक त्या षड्जावर गेलं आणि तो खणखणीत वाजला. आपसूक? नाही. उतरलेला सूर मला सोसत नाही, म्हणून मी तो दाबला. लोकांना दोन्ही सूर शेजारी शेजारी ऐकू आले. पुढच्या रांगेतल्या एकानं मान खाली घातली.

मिरजेचा दाऊद तबल्याला गवसणी घालताना म्हणाला, "मास्तर, वाजवलं लय बरोबर. पण बुवांना उघडं पाडलंत की वो."

"मग काय बेसूर वाजवू?"

"तिथं हात आवरायचा. भाता हलता ठेवायचा, बास."

गुरूशिवाय शिकलो, एकेक स्वर कानानं तपासून. हात आवरायचं मात्र कानाला कळलं नाही.

बुवा रागावले असते तर बरं झालं असतं. निघताना एवढंच म्हणाले, "उद्या साताऱ्यात पांढरी एक धरा, मास्तर." तीस वर्षं काळी एकच्या पट्टीत गाणारा माणूस. माझ्या एका बोटापायी अर्धा स्वर खाली उतरायला निघाला.

आजवर मी कुणापुढं हात जोडले नाहीत. उद्या गाडीत बुवांपुढं जोडीन, काळी एकच राहू द्या म्हणेन. आणि वरचा षड्ज आला की माझं बोट खालच्या षड्जावरच राहील, बुवा पोचोत, न पोचोत.