आंधळ्या माशांवर सोडलेल्या उजेडाबाबत

प्रति,
मा. सुशोभन अधिकारी साहेब,
घळी व झरे पर्यटन कक्ष, कोल्हापूर.

विषय: धामणखोरीच्या घळीतील माशांना त्यांचा अंधार परत मिळणेबाबत.
संदर्भ: माझा मागील अर्ज नेत्रशिबिराकडे वर्ग केल्याचे आपले पत्र.

महोदय,

मी खाली सही करणारी, इयत्ता नववी, विज्ञान मंडळाची अध्यक्ष (रीतसर मतदान होऊन), कळवते की,

१. आमच्या घळीतल्या डोहात बोटाएवढे मासे आहेत. त्यांना डोळे नाहीत. हा आजार नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून डोळ्यांच्या जागी नुसती कातडी उरली आहे. पाणी जरा हलले की त्यांना अंगानेच कळते. सबब "लाभार्थ्यांनी तपासणीस स्वतः हजर राहावे" या शिबिराच्या सूचनेचे पालन त्यांच्याकडून झाले नाही.

२. घळीत दिवा न्यायचा नाही, तो घळीच्या तोंडाशी ठेवून भिंत चाचपत आत जायचे, ही गावची रीत. आपण ती अंधश्रद्धा ठरवून आत ट्यूबा लावल्या. वायरमन जोतीराममामांना मी अडवले तर म्हणाले, "मासं आंधळं हाय म्हंजे उजेड जास्तच लागणार की!" आपल्या कक्षाचेही हेच मत दिसते, कारण दिव्यांच्या चाचणीनंतर ट्यूबा वाढल्या.

३. साहेब, हे मासे जगतात वटवाघळांच्या लेंड्यांवर आणि त्यातल्या किड्यांवर. चाचणीच्या उजेडाने निम्मी वटवाघळे उडाली ती परतलीच नाहीत. सव्वीस जानेवारीला उद्घाटन होऊन दिवे कायमचे लागले की उरलेली जातील, आणि मासे उपाशी मरतील. तिथले पाणी भरणाऱ्या धोंडुबाई काल म्हणाल्या, "हात बुडवला की बोटाला लुचायची गं. आज एकबी आलं न्हाई." यापुढे शिस्तीत लिहिणे अवघड आहे, तरी लिहिते.

४. घळीला जनरेटर आहे. गावाला भारनियमन आहे. अर्जावरचा डाग चिमणीच्या रॉकेलचा, क्षमा असावी. तरी आमचे भारनियमन माशांना कायमस्वरूपी मंजूर करावे व त्यांच्या ट्यूबा आमच्या वर्गाला द्याव्यात. आम्हाला डोळे आहेत.

५. उद्घाटन रद्द करू नये. पाहुण्यांनी फीत बाहेर कापावी, चपला आणि बॅटऱ्या तिथेच ठेवाव्यात आणि भिंत चाचपत आत यावे. आपण घाबरू नये. पुढे मी चालेन, मला वाट पाठ आहे.

आपली नम्र, आणि उत्तर येईपर्यंत अर्ज करत राहणारी,
कु. शिवांजली वीरेश जंगम
धामणखोरी, ता. राधानगरी
दि. १२ जानेवारी २००७

सोबत: नेत्रशिबिराचा केसपेपर, कोरा, परत.