जिची जीभ, तिचे घर

मी, नझीफा चाउशेविच, दिवंगत हिल्मिया यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार वरची आळी, ट्राव्निक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. हल्ली दुपारी डोळा लागला की जमिनीखालून पाणी वाहताना ऐकू येते. पण आत्ता मी टक्क जागी आहे, साक्षीदारांनी खात्री करून घेतली आहे.

बँकेतली शिल्लक मुलगा मिर्साद याला द्यावी. माझ्या सुनेला, सेनादाला, टाकून तो ग्राझला दुसरा संसार थाटून बसला आहे आणि माझ्यामागे हे घर विकून तिला बाहेर काढायला टपला आहे. मी ते होऊ देणार नाही.

कॉफीची पितळी गिरणी हिल्मियाचे मित्र रागिब यांना. ती जाडेभरडे दळते. त्यांना कळायचे नाही. आमच्याकडे खऱ्या दर्दी माणसाला मेराक्लिया म्हणतात, आणि त्याच्या दर्दीपणाला मेराक. कॉफीचे पाणी कुठल्या झऱ्याचे, हे हिल्मिया एका घोटात सांगे आणि कॉफीखाना त्याला मेराक्लिया म्हणून डोक्यावर घेई. मी घरी तेच ओळखले, तेव्हा रागिब म्हणाले, "वहिनी, बायकांचा कसला आलाय मेराक! नखरे आहेत हे." हिल्मिया हसला. माझा त्याच्यावर फार जीव होता, तरी ते हसणे मी विसरलेले नाही.

राहते घर आणि परसातले नासपतीचे झाड सेनादाला. नवी नवरी असताना वरच्या झऱ्याचा चढ चुकवायला ती नळाच्या पाण्याची कॉफी घेऊन आली. मी कप परत केला. "सासू आहे की प्रयोगशाळा!" ती पुटपुटली. पण दुसऱ्या दिवसापासून झऱ्यावर जाऊ लागली. पुढे एका हिवाळ्यात, तिला बर्फात पाठवायला नको म्हणून मीच गुपचूप कॉफीला नळाचे पाणी उकळले. एक घोट घेऊन तिने कप खाली ठेवला.

"आई, हे आपलं नाही हो."

"नखरे पुरे झाले, पी मुकाट्याने."

"नखरे तर नखरे. मी आले वर जाऊन."

ती कळशी घेऊन धुक्यात दिसेनाशी झाली आणि मी खिडकीशी बसून सुखाने रडले. घरात आता दोघी मेराक्लिया होत्या. तो शब्दही तिलाच देत आहे. कुणी नखरेल म्हटले तर हा कागद दाखवावा.

मला शेवटची आंघोळ सेनादाने घालावी, झऱ्याच्या पाण्याने. तेव्हा मला चाखता येणार नाही, म्हणून तिने आधी एक घोट घ्यावा. पाणी आपले नसेल, तर पुन्हा वर जावे. मी थांबेन.

सही: नझीफा चाउशेविच

साक्षीदार: रेफिका कुर्तोविच, शेजारीण
ओस्मान बेगानोविच, निवृत्त शिक्षक

ट्राव्निक, १२ एप्रिल २०११