मध्यंतरानंतरच्या भागासाठी सभागृहाचे कुलूप उघडून मिळणेबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी साहेब,
ग्रामपंचायत कार्यालय, मौजे निंबधार,
ता. जिंतूर, जि. परभणी.

अर्जदार : व्यंकटराव माणिकराव ढगे, वय ६६, निवृत्त एस.टी. वाहक, रा. निंबधार.

विषय : सभागृहातील टीव्ही सात दिवस अहोरात्र चालू ठेवल्याबद्दल खुलासा; सिनेमाच्या सदस्यत्वांची किंमत व निवड याबाबतचा अहवाल; आणि सभागृह एक तास दहा मिनिटांसाठी उघडून मिळणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस दि. १६/१२/२०२५, जी सभागृहाच्या कुलपाखाली चिकटवलेली आढळली.

महोदय,

खुर्ची जरा पुढे ओढून बसावे ही नम्र विनंती. कीर्तनाला बुवा उभे राहिले की आधी मागच्या लोकांना पुढे बोलावतात, कारण मागे बसलेला माणूस कान बुवांकडे देतो आणि मन बिडीकडे. मी जे सांगणार आहे ते खुलासा म्हणून वाचल्यास कंटाळवाणे आहे, आख्यान म्हणून ऐकल्यास बरे आहे. त्यात एक बाई विहिरीवर उभी आहे आणि ती सत्तावन्न वर्षांपासून तिथेच उभी आहे.

१) सभागृहातील पंचावन्न इंची टीव्ही गावाला स्वच्छतेच्या बक्षिसात मिळाला हे आपणास ज्ञात आहे. त्यावर वर्षभरासाठी कोणत्या कंपनीचे सिनेमे घ्यावेत हे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठरावे म्हणून आपण तिघांची समिती नेमली : अंगणवाडीच्या सविताताई, संगणक चालवणारा धम्मदीप आणि मी. मला का घेतले, असे मी विचारले असता आपण म्हणालात की, "चार तास एका जागी बसणारा गावात दुसरा माणूस नाही." सदर योग्यता कीर्तनामुळे आलेली आहे, हे नोंदवून ठेवतो.

२) निवडीची पद्धत. सविताताईंनी कागदावर रकाने आखले. मला रकान्यातले कळत नाही. चाळीस वर्षे सप्ताहासाठी बुवा ठरवण्याचे काम केले, तीच रीत मी इथे लावली. बुवा ठरवताना आपण चार गोष्टी पाहतो : बिदागी किती, रोज नवे सांगतो की गावोगाव तेच, सोबत टाळकरी किती आणतो, आणि मध्येच स्वतःच्या मठाची पावतीपुस्तके काढतो का. या कसोटीवर चारही कंपन्या घासून पाहिल्या.

पहिली कंपनी स्वस्त आहे, मराठी सिनेमे पुष्कळ, परंतु दर दहा मिनिटांनी जाहिरात. म्हणजे रुक्मिणीचे हरण ऐन रंगात असताना बुवांनी थांबून साबण विकावा तसे. दुसरी कंपनी बिदागी तिप्पट घेते, आणि आत गेल्यावर परदेशी माणसे एकमेकांवर गाड्या घालताना दिसतात. मराठी म्हणून नऊ सिनेमे मोजले, त्यांपैकी दोन एकच होते, फक्त वरचे चित्र निराळे. तिसरीचे पैसे भरून आत गेलो तर चांगल्या सिनेमावर परत भाडे लिहिलेले. ही रीत पंगतीला बसवून भाताचे वेगळे मागण्याची आहे. चौथी कंपनी मोबाईलच्या रिचार्जबरोबर फुकट येते, पण फक्त मोबाईलवरच दिसते. साठ माणसांनी धम्मदीपच्या तळहाताकडे पाहत बसायचे, जणू तो सर्वांचे भविष्य सांगणार आहे.

३) आता टीव्ही अहोरात्र का चालला ते. दुसऱ्या, म्हणजे महागड्या कंपनीची चौकशी चालू असताना धम्मदीप म्हणाला, "काका, ही सात दिवस फुकट बघू द्यायलीय. आधीच रद्द करून ठेवतो, मंजी पैसे कटायचे न्हाईत."

महोदय, सात दिवस हा शब्द माझ्यासारख्या माणसासमोर उच्चारताना त्याने विचार करायला हवा होता. सात दिवस म्हणजे सप्ताह. सप्ताह म्हणजे अखंड. सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि प्रत्येकाचा दोन तासांचा पहारा असतो. मी त्याच दिवशी पहाऱ्यांची यादी फळ्यावर लावली. सोमवार दि. ८ रोजी सकाळी साडेअकराला नारळ फोडून रिमोट हाती घेतला, आणि तो रिमोट पुढचे सात दिवस कुठेही टेकू दिला नाही. त्याला हार मी घातलेला नाही. टीव्हीच्या कडेला बुक्का कोणी लावला हेही मला माहीत नाही, पण बोट सभागृहाचे दिवे सांभाळणाऱ्या हरिओमचे वाटते.

वीज जळली हे मान्य. काही गैरप्रकारही झाले. हरिओमने आपल्या पहाऱ्यात शोध सोडून मेलेली माणसे चालत येतात असा सिनेमा पाहिला आणि त्यानंतर दोन दिवस तो शेतात एकटा गेला नाही. बायनाबाईंना कोरियाची एक मालिका लागली. भाषा एक अक्षर कळत नसताना त्या म्हणाल्या, "सासू वाईट हाय एवढं कळलं, बस की मग." त्यांनी स्वतःचा पहारा करून आणखी तिघांचे पहारे मागून घेतले. सप्ताहात वीणेसाठी माणूस शोधत फिरावे लागते. इथे रिमोट परत मिळवण्यासाठी मला दोनदा विठ्ठलाची शपथ घालावी लागली.

४) शोध कशाचा, हे आता सांगतो. खुलाशाचा खरा मुद्दा इथे आहे.

माझी थोरली बहीण कडूबाई, वय ७४, सासर गावातच. तिच्या आधीची तीन लेकरे गेली म्हणून आईने दृष्ट लागू नये यासाठी तिचे नाव कडू ठेवले. बाई उसासारखी आहे. तिचे लग्न झाले त्या वर्षी येलदरीला धरणाच्या वसाहतीजवळ तंबूतला सिनेमा आला होता. तिचे सासरे दगडूबा घरच्या अकरा माणसांना बैलगाडीतून तिकडे घेऊन गेले. दगडूबांनी जन्मात कीर्तनाखेरीज काही पाहिलेले नव्हते. सिनेमात एका बाईला सासू घराबाहेर काढते, दार लावून घेते, आणि ती बाई चेपलेली घागर घेऊन विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहते. तेवढ्यात तंबूत दिवे लागले आणि लोक उठले. दगडूबाही उठले, पडद्याला हात जोडले, देवाचा जयकार केला आणि अकरा माणसांना घेऊन बाहेर पडले. गाडी गावात आली तेव्हा तिकडे सिनेमाचा दुसरा भाग चालू असणार.

कडूबाईला वाटले, एवढाच सिनेमा. पुढे पंचवीस वर्षांनी मीच एकदा बोलता बोलता म्हणालो की जिंतूरला सिनेमा पाहिला आणि मध्यंतरात वडा खाल्ला. तिने विचारले, "मध्यंतर मंजी काय रं?" मी सांगितले. त्या दिवशी ती जेवली नाही.

दरम्यानच्या काळात तिने तो सिनेमा गावातल्या निम्म्या बायकांना सांगून टाकला होता, आणि शेवट स्वतःच लावून दिला होता. सविताताई सासरी भांडून माहेरी आल्या होत्या तेव्हा त्यांना सांगितले की विहिरीवरची बाई घागर भरून परत गेली आणि सासूला म्हणाली, दार उघड, पाणी तुझंच हाय. बायनाबाईंचा नवरा वारला तेव्हा त्यांना सांगितले की ती बाई शहरात गेली, दोन खोल्या बांधल्या आणि त्यांना दारच लावले नाही. विहिरीत उडी मारल्याचे तिने कोणालाही सांगितलेले नाही.

सिनेमाचे नाव तिला माहीत नाही, वाचता येत नाही. आता काचबिंदूने एक डोळा गेला. दुसऱ्याचे परभणीच्या डॉक्टरांनी सांगितले की उन्हाळ्यापर्यंत धरून चाला. म्हणून पहाऱ्यावरच्या प्रत्येकाला माझी सूचना होती : जुना मराठी सिनेमा दिसला की पुढे सरकवत जायचे, विहीर दिसली की थांबायचे. नऊच सिनेमे असताना सात दिवस का लागले, असा प्रश्न आपण विचाराल. त्याचे उत्तर परिच्छेद ३ मध्ये, बायनाबाईंच्या नावापुढे आहे.

५) रविवारी संध्याकाळी सविताताईंच्या पहाऱ्यात विहीर सापडली. सोमवारी सकाळी पावणेनऊला कडूबाईला आणून टीव्हीपासून हातभर अंतरावर बसवले. ती आणखी बोटभर पुढे सरकली. मग म्हणाली, "हीच ती. घागर बघ, गळ्याला चेपलीय." गाव जमले होते. सासूने दार लावले, बाई विहिरीवर आली, आणि पडद्यावर 'मध्यंतर' अशी अक्षरे उमटली. तेव्हा दहा वाजले होते.

महोदय, इथून पुढचा गुन्हा पूर्णपणे माझा आहे. तो आठवा दिवस होता. आठव्या दिवशी काला असतो, आणि काल्याची वेळ चुकवायची नसते. दह्यालाह्यांचे मडके मी सकाळीच टांगून ठेवले होते. हरिओमने सवयीने दिवे लावले, आणि मी सवयीने उठलो, हात जोडले, जयकार केला. मी उठलो म्हणून सगळे उठले. पाच मिनिटांत काला करून बसू, असा विचार होता. मडके फुटले, प्रसाद वाटला, पोरांनी ताल धरला. परत येऊन पाहतो तो साडेअकरा होऊन गेलेले, आणि पडद्यावर लिहिलेले की आपला मोफत कालावधी संपला आहे.

कडूबाई जागची हललेली नव्हती. दही तिच्या हातात तसेच होते. ती मला म्हणाली, "व्यंकट, तुझं अन् माझ्या सासऱ्याचं आधीच काई ठरलं व्हतं का रं?"



६) दुसऱ्या दिवशी सकाळी मी सदर कंपनीचे एक महिन्याचे पैसे स्वतःच्या पेन्शनमधून भरले. ग्रामपंचायतीवर त्याचा बोजा नाही. परंतु त्याच दुपारी आपण सभागृहास कुलूप लावले, ते २६ जानेवारीपर्यंत. आणि सदर सिनेमाखाली बारीक अक्षरांत लिहिले आहे की तो ३१ डिसेंबरपर्यंतच उपलब्ध आहे. त्यानंतर तो कुठे जातो हे कंपनीलाही माहीत नाही, असे धम्मदीप सांगतो. त्याच्या मोबाईलवर दाखवून पाहिले. कडूबाईने तो फोन काजळ घालावे तसा डोळ्याला लावला आणि परत दिला. घरोघरचे टीव्ही लहान आहेत, तिला त्यांवर फक्त उजेड दिसतो. सभागृहाचा टीव्ही भिंतीत पक्का केलेला आहे. तो काढण्याचा विचार मी केला होता, परंतु पाना धम्मदीपने लपवला.

७) समितीचा अहवाल. सविताताई व धम्मदीप यांची शिफारस पहिल्या, स्वस्त कंपनीची आहे, आणि मी त्यावर सही केली आहे. किंमत आणि निवड दोन्ही पाहता महागडी कंपनी गावाने घेऊ नये. एका विहिरीसाठी वर्षाची बिदागी देणे बरोबर नाही. स्वस्त कंपनीच्या जाहिरातींची तक्रार करू नये, कारण तेवढ्यात म्हाताऱ्या माणसांना मोरीकडे जाऊन येता येते. शिवाय माझे जादा मत असे की वर्षाचे एकदम कोणाचेच घेऊ नये. सप्ताहाला सात दिवस सात बुवा आणतो, एकच बुवा वर्षभर कोणते गाव ठेवते? महिना महिना घ्यावे, कंटाळा आला की बदलावे. बायनाबाईंचा आग्रह कोरियाच्या मालिकेच्या, म्हणजे महागड्याच कंपनीसाठी आहे, तो माहितीस्तव.

८) विनंती. सभागृह ३१ तारखेच्या आत कोणत्याही दिवशी एक तास दहा मिनिटे उघडून मिळावे. त्यात कडूबाईची एक अट आहे, ती तिच्याच शब्दांत लिहितो : "म्होरची बाजू मला पाठ हाय, मागची लावा. अन् आत मी एकटीच बसणार. तुमी समदे भाईर थांबा. शेवट वंगाळ निघाला तर मी कुणाला सांगणार न्हाई, आन मंग तुमीबी इचारू नगा."

गावातल्या बायकांना हे मान्य आहे. सविताताई तर म्हणाल्या की खरा शेवट कोणताही असो, माझा मी बदलणार नाही. धम्मदीप सिनेमा लावून देऊन बाहेर येईल. मला दारापासून वीस पावलांवर उभे करावे, कारण आत दिवा लागलेला दिसल्यास मी काय करीन याची मी हमी देत नाही. चावी आपण स्वतः हाती धरून दारात बसावे, म्हणजे नियमभंग होणार नाही, आणि ती बाहेर येईल तेव्हा तिचा चेहरा सरकारी माणसाने पाहिलेला असेल.

विजेचा दंड जो होईल तो मी भरीन. तूर्त कुलूप तेवढे उघडावे.

आपला नम्र,
व्यंकटराव माणिकराव ढगे
निंबधार, दि. २२/१२/२०२५

सोबत : (१) समितीचा अहवाल, सविताताईंच्या रकान्यांसह. (२) पहाऱ्यांची यादी, बायनाबाईंच्या खाडाखोडीसह. (३) परभणीच्या डॉक्टरांचा कागद. (४) कडूबाईचा अंगठा.

ता. क. : गावात गेली बत्तीस वर्षे दगडूबांना हसतात, आणि यंदापासून मलाही. मला खुशाल हसावे. पण कुलूप काढताना आपण त्या माणसाची आठवण ठेवावी. तो सिनेमा अर्धा सोडून पळाला नव्हता. दिवा लागला म्हणून देव आला असे समजून हात जोडून उठला होता.